आयुर्वेदाची परीक्षा हाताचीही घ्या

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आयुर्वेदाच्या पदवीधरांसाठी येऊ घातलेल्या 'नेक्स्ट' (नॅशनल एक्झिट टेस्ट) या परवान्याआधीच्या परीक्षेबद्दल मुलांच्या आणि पालकांच्या तोंडून बरेच ऐकते. साडेपाच वर्षे शिकल्यावर आणखी एक परीक्षा कशाला, असा बहुतेकांचा सूर असतो. मी वाईत चाळीस वर्षांहून अधिक काळ वैद्यकी करते आहे. परीक्षेला माझा विरोध नाही. परवाना देण्याआधी परीक्षा झालीच पाहिजे. पण ती कशाची घेणार, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या दिवाळीनंतर माझी भाची काही दिवस माझ्याकडे राहायला आली. ती नुकतीच बी.ए.एम.एस. झाली आहे. साडेचार वर्षांचा अभ्यास झाला, एक वर्षाची इंटर्नशिप झाली, मुंबईच्या महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणीही झाली. म्हणजे कायद्याने ती उद्यापासून दवाखाना थाटू शकते. हुशार मुलगी आहे, पहिल्या वर्षापासून गुण चांगले. तिचे महाविद्यालय कोणते ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तिच्या वर्गमित्रांशी आणि इतर ठिकाणच्या मुलांशी बोलल्यावर मला वेगळे काही ऐकायला मिळाले नाही.

त्या आठवड्यात ओझर्डे रस्त्याकडचे एक हळदीचे शेतकरी माझ्याकडे गृध्रसीसाठी (सायटिकासाठी) येत होते. कंबरेपासून टाचेपर्यंत कळ, दहा पावले चालले की बसावे लागे. त्यांना एरंडमूलादि निरूह, म्हणजे एरंडमुळाच्या काढ्याचा बस्ती (एनिमा), द्यायचा होता. मी भाचीला म्हटले, "अगं, आज बस्ती तू तयार कर, मी नुसती बघते." तिने आधी श्लोक म्हटला, 'पूर्वं हि दद्यान्मधु सैन्धवं तु स्नेहं विनिर्मथ्य ततोऽनु कल्कम्'. उच्चार इतके स्वच्छ की मला माझे पाठांतराचे दिवस आठवले. आणि श्लोक संपताच तिने पातेल्यात तेल ओतले, वर काढा ओतला आणि मध हातात धरून थांबली.

तेल वर, काढा खाली. रवीने घुसळून घुसळून ते एकजीव होईना. काढा किती कोमट हवा म्हणून तिने बोट घातले नाही, मला विचारलेही नाही. मी तिला बाजूला घेतले, ते मिश्रण ओतून दिले आणि दुसरे केले. मध आणि सैंधव आधी खलात नीट घोटले, मग तेल बारीक धारेने, घोटणे न थांबवता. ते लोण्यासारखे जमले की कल्क (वाटलेल्या औषधांचा गोळा), आणि सगळ्यात शेवटी कोमट काढा थोडा थोडा. श्लोकात हाच क्रम आहे, आणि तो श्लोक तिला पाठ होता. शेतकरी काका डाव्या कुशीवर झोपले होते, त्यांना यातले काही कळले नाही. बस्ती मी दिला. शेवटचा घोटभर पिशवीत ठेवायचा असतो, नाहीतर त्यामागून वारा आत जातो, हे मी देताना तिला दाखवले. ती बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

रात्री जेवताना ती म्हणाली, "मावशी, वर्षभरात मला एकही बस्ती द्यायला मिळाला नाही. वमन (औषधाने उलटी करवणं) एकदा पाहिलं, तेही तिसाव्या ओळीत उभं राहून."

मी तिला रागावले नाही. राग आला तो दुसऱ्यांचा. तिचे इंटर्नशिपचे सहा महिने महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तिथल्या खाटा बऱ्याचदा रिकाम्या असत आणि नोंदवही मात्र भरलेली असे. वहीतली काही नावे इंटर्न मुलांनीच बसून लिहिली होती, हे तिने मान खाली घालून सांगितले. २०१६ च्या मानकांप्रमाणे साठ विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला साठ खाटांचे रुग्णालय हवे होते, बाह्यरुग्ण विभागात दिवसाला सरासरी १२० रुग्ण हवे होते आणि खाटा वर्षभरात सरासरी चाळीस टक्क्यांहून अधिक भरलेल्या हव्या होत्या. कागदावर सगळे होते. उरलेले सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. ती तिथे टाके घालायला, सलाईन लावायला शिकली, बाळंतपणे पाहिली, विंचू चावलेल्या पोराला कसे सांभाळायचे ते शिकली. वैद्याला हे सगळे आले पाहिजे. पण आयुर्वेद तिला त्या वर्षात कुठेच भेटला नाही. विद्यावेतन हातात पडत नव्हते म्हणून ती रात्री एका खासगी रुग्णालयात आरएमओची (निवासी डॉक्टरची) ड्युटी करी. महाराष्ट्रातल्या किती रुग्णालयांच्या रात्री बी.ए.एम.एस. झालेल्या आणि होऊ घातलेल्या मुलांच्या जिवावर निघतात हे डॉक्टरमंडळींना ठाऊक आहे. दिवसा ती झोपे किंवा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पुस्तके वाची.

माझे शिक्षण पुण्यात झाले. १९८४ साली बी.ए.एम.एस.ची शेवटची परीक्षा दिली. तेव्हा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नव्हते, ते १९९८ मध्ये आले. आमच्या पदवीवर पुणे विद्यापीठाची मोहोर आहे. आमच्या रुग्णालयात रुग्ण भरपूर असत. तरीही वाईला येऊन पाटी लावली तेव्हा मला वमन करवता येत नव्हते हे मी आज उघड सांगते. पाहिले होते, लिहिले होते, तोंडी परीक्षेत उत्तम सांगितले होते. पहिल्या वसंतात दम्याची एक बाई वमनासाठी तयार केली. सात दिवस तूप पाजले, अभ्यंग केले, शेक दिला, आदल्या रात्री दहीभात आणि उडदाचे वडे खायला घातले. सकाळी तिने गळ्यापर्यंत दूध प्यायले, गेळफळाचे चाटण घेतले आणि मग काही होईना. घाम फुटला, पोट फुगले, वेग, म्हणजे उलटीचा उमाळा, येईना. माझे हात गार पडले.

आमच्या आळीत एक म्हातारे वैद्य राहत. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. मी सासऱ्यांना त्यांच्याकडे धाडले. ते काठी टेकत आले, बाईच्या पाठीवर हात ठेवला, मला म्हणाले, "मुली, मिठाचं कोमट पाणी दे आणि पाठ वरून खाली नको, खालून वर चोळ." थोड्याच वेळात पहिला वेग आला. ते शेजारी बसून मोठ्याने मोजत राहिले. चार म्हणजे हीन, सहा मध्यम, आठ प्रवर, हे मी पुस्तकात वाचले होते. पण मोजायचा कोणता आणि सोडून द्यायचा कोणता, पित्त दिसू लागल्यावर थांबायचे कसे, नाडीवर बोट ठेवून बाईच्या चेहऱ्याकडे का बघत राहायचे, हे मी त्या सकाळी शिकले. सहावा वेग गेला, पित्त दिसले, ते म्हणाले, "पुरे." बाई चार दिवस पेज आणि मुगाचे कढण खाऊन घरी गेली.

त्यांच्याकडे पदवी नव्हती. त्यांच्या घरात धन्वंतरीच्या तसबिरीशेजारी एक पिवळे पडलेले प्रमाणपत्र लावलेले होते. मुंबई इलाख्यात १९३८ मध्ये वैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्याखाली वर्षानुवर्षे वैद्यकी करणाऱ्यांची नोंद घेतली गेली, त्यातले ते एक. आता तसे होता कामा नये आणि होतही नाही, आणि ते बरोबर आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्याने देशभर एक अभ्यासक्रम आणि मान्य पदव्यांची यादी आली. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या 'वैद्य विशारद' आणि 'आयुर्वेद रत्न' या पदव्या १९६७ नंतरच्या असतील तर त्यांच्यावर वैद्यकी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. घरबसल्या परीक्षा देऊन मिळालेल्या कागदावर माणसाच्या जिवाची जबाबदारी देता येत नाही. मी त्या निकालाच्या बाजूची आहे. पण मग साडेपाच वर्षे महाविद्यालयात जाऊनही मुलीच्या हाती जर कागदच येत असेल, तर आपण त्या जुन्या घोळातून किती पुढे आलो?

त्यानंतर मी सात वर्षे त्या वैद्यांकडे दर मंगळवारी जात होते. त्यांनी मला काय शिकवले ते थोडे विस्ताराने लिहिते, कारण माझी मागणी त्यातूनच आलेली आहे. बस्ती द्यायला शिकवण्याआधी त्यांनी मला पाण्याने भरलेल्या मडक्याला कुशीला भोक पाडून त्यात नळी घालायला लावली, पिशवी एका हाताने, एका दाबात, न थरथरता रिकामी होईपर्यंत. मला वाटले हा त्यांचा मनाचा प्रकार. पुढे सुश्रुताचा 'योग्यासूत्रीय' अध्याय पुन्हा वाचला तेव्हा तिथे तेच होते: भरलेल्या घड्याच्या कुशीतले छिद्र, दुध्याचे तोंड. छेद घेण्याचा सराव कोहळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर करायचा, हेही तिथेच आहे. मी हा अध्याय परीक्षेसाठी पाठ केला होता, पण महाविद्यालयात एकदाही कोहळा आणला गेला नव्हता.

गेळफळे ते बाजारातून घेऊ देत नसत. वसंत सरता सरता आम्ही पांडवगडाच्या उतारावर जात असू. पिवळट पिकलेली, किडकी नसलेली, मध्यम आकाराची फळे निवडायची. दर्भात गुंडाळून वर शेणाचा लेप द्यायचा आणि भाताच्या तुसाच्या राशीत आठ रात्री ठेवायची. मग वाळवून आतल्या बिया काढायच्या, त्यांनाच मदनफळाची पिंपळी म्हणतात. चरकाच्या कल्पस्थानात हे लिहिलेले आहे. आठ दिवसांनी ती फळे उघडल्यावर जो गोडसर वास येतो तो ओळखता आला की फळ चांगले मुरले. हा वास कुठल्या प्रश्नपत्रिकेत विचारणार?

तूप सिद्ध झाले कसे ओळखायचे हे माझ्या भाचीला विचारा. तेलाला फेस येतो, तुपाचा फेस बसतो, कल्काची बोटांवर वात वळते, आगीवर टाकली तर तडतडत नाही. तिला सगळे येते. तिने आयुष्यात एकदाही औषधी तूप कढवलेले नाही. ब्राह्मी म्हणून आपल्या बाजारात बऱ्याचदा मंडूकपर्णी विकली जाते हे तिला ठाऊक आहे, पण माझ्या परसात दोन्ही शेजारी वाढलेल्या असताना तिला कोणती कोणती ते सांगता आले नाही. तिने त्या पाहिल्या होत्या त्या वाळवून कागदावर चिकटवलेल्या, खाली नावाची चिठ्ठी लावलेल्या.

म्हणून 'नेक्स्ट'कडे मी आशेने पाहत होते. २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात तिची तरतूद झाली. २०२१-२२ च्या तुकडीपासून ती लागू होईल असे केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२४ च्या अखेरीस सांगितले. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागणार नाही. तीत रुग्णांचे प्रसंग, चित्रे, चित्रफिती दाखवून प्रश्न विचारले जातील, असेही सांगण्यात आले. पाठांतराच्या प्रश्नांपेक्षा हे चांगले, यात शंका नाही. पण पडद्यावर वमन पाहून वेग मोजणारी मुलगी आणि बाईच्या पाठीवर हात ठेवून वेग मोजणारी मुलगी, दोघींचे उत्तर एकच आले तरी दोघींना सारखाच परवाना द्यायचा का?

मला याहून मोठी भीती दुसरीच आहे. परवाना एका परीक्षेवर टांगला की इंटर्नशिपचे वर्ष हे त्या परीक्षेचे वर्ष होणार. आजही मुले त्या वर्षात पदव्युत्तर प्रवेशाच्या क्लासला बसतात. उद्या सगळीच बसतील, कारण नापास झाले तर दवाखानाच उघडता येणार नाही. वॉर्डात उभे राहायला कोण येणार? आणि ज्या महाविद्यालयांत वॉर्ड रिकामे आहेत त्यांना ते सोयीचेच पडेल. मुले क्लासला गेली म्हणजे रुग्ण कुठे आहेत हे विचारायला कोणी उरणार नाही.

सुश्रुताने वैद्याने व्यवसायात पाऊल कधी टाकावे ते क्रमाने सांगितले आहे. शास्त्र शिकलेला, त्याच्या अर्थावर विचार केलेला, कर्मे पाहिलेला, स्वतः सराव केलेला, शास्त्र समजावून सांगू शकणारा, आणि त्यानंतर 'राजानुज्ञात', म्हणजे राजाची परवानगी मिळालेला. नखे कापलेली आणि वस्त्रे पांढरी असावीत हे त्याच्याही पुढे येते. आपली नोंदणी म्हणजे ती राजाची परवानगी. आज आपण ती पहिल्या पायरीवरून थेट देतो. 'दृष्टकर्मा' (कर्मे पाहिलेला) आणि 'कृतयोग्य' (सराव केलेला) या दोन पायऱ्या कुणी तपासतच नाही. आणि सुश्रुतानेच म्हटले आहे की कुवैद्य लोकांचा जीव घेतो तो राजाच्या दोषामुळे. म्हणून मी मुलांना दोष देत नाही.

माझी मागणी साधी आहे. लेखी 'नेक्स्ट'बरोबर हाताची परीक्षा असावी, आणि ती मुलाच्या महाविद्यालयात, त्याच्या शिक्षकांसमोर होऊ नये. दुसऱ्या जिल्ह्यातला, रोज रुग्ण पाहणारा वैद्य परीक्षक म्हणून बसावा. समोर खरा रुग्ण असावा. इंटर्नने त्याची नाडी, जीभ, पोट तपासावे, विचारपूस करावी, निदान सांगावे आणि हा रुग्ण आपल्या हातातला नाही, पुढे पाठवायला हवा असेल तर तसे सांगावे. हे शेवटचे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. छातीत दुखणाऱ्या माणसाला चूर्ण देऊन घरी पाठवणाऱ्या वैद्याने श्लोक कितीही म्हटले तरी तो नापासच. मग एक निरूह डोळ्यांदेखत तयार करावा. दहा ताज्या वनस्पती ओळखाव्यात, चिठ्ठ्या न लावलेल्या. वर्षभरात पाहिलेल्या आणि केलेल्या कर्मांची वही असावी. तीतल्या कोणत्याही पाच रुग्णांना परीक्षकाने फोन करून विचारावे. पाचातल्या दोघांनी जरी सांगितले की आम्ही त्या रुग्णालयात कधी गेलोच नाही, तर त्या मुलाला नव्हे, महाविद्यालयाला नोटीस जावी.

एवढी मुले, एवढे रुग्ण कुठून आणणार, असे विचारले जाईल. आमच्याकडून आणा. इंटर्नशिपच्या जागा मुख्यतः महाविद्यालयांची रुग्णालये आणि सरकारी आरोग्य केंद्रे यांच्यात वाटलेल्या आहेत. तालुक्याच्या गावी वर्षानुवर्षे पंचकर्म करणाऱ्या माझ्यासारख्या लहान दवाखान्यांना त्यात स्थान नाही. निदान तीन महिने मुलांना अशा दवाखान्यांत पाठवावे. आमच्याही कामाची तपासणी व्हावी, आमच्या वह्या पाहाव्यात, ज्यांच्याकडे शिकण्यासारखे काही नाही त्यांची नावे काढून टाकावीत. आणि मुलांचे विद्यावेतन थेट त्यांच्या बँक खात्यात जमा व्हावे. रात्रभर दुसऱ्याच्या आयसीयूत जागलेल्या मुलीकडून सकाळी सहा वाजता वमनाला उभे राहण्याची अपेक्षा मी करू शकत नाही.

माझ्याकडे वसंतात पंधरा-वीस वमने होतात. दोन इंटर्न मुलींना मागच्या खोलीत राहण्याची आणि जेवणाची सोय मी करू शकते. त्यासाठी मला कोणाकडून पैसे नकोत.

भाची आता दर मंगळवारी येते. पहिले दोन महिने तिने फक्त मडक्यावर सराव केला. पौषात तिने पहिला बस्ती दिला, ओझर्ड्याच्याच त्या काकांना. त्यांनी तिला ओल्या हळदीची पिशवी आणून दिली. फाल्गुनात पहिले वमन ती करणार आहे. मी शेजारी बसून मोजणार आहे.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये ही विनंती, कारण त्यावरून भाचीची आणि तिच्या महाविद्यालयाची ओळख पटेल. नाव आणि पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.

आपली,
एक वैद्य, वाई (जि. सातारा)